फॉर्म बी देण्याआधी चौदाव्या मजल्यावर पाणी काढून दाखवणारी एजन्सी

कल्याण पश्चिमेला खडकपाड्याजवळ आमची चौदा मजल्यांची सोसायटी आहे, ५६ फ्लॅट. गेल्या वर्षी समिती बदलली आणि सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. फायर हायड्रंटच्या, म्हणजे आग विझवायला मजल्यामजल्यावर पाणी पोचवणाऱ्या पाइप-पंपांच्या, तपासणीचं आणि देखभालीचं वार्षिक कंत्राट आम्ही तेव्हाच या एजन्सीला दिलं. आता वर्ष पुरं होतंय, जुलै आणि जानेवारी अशी दोन्ही सर्टिफिकेटं हातात आहेत, म्हणून लिहायला बसले. पाचापैकी साडेचार गुण. अर्धा का कापला तेही सांगते.

आधी कायद्याचं थोडं, कारण आमच्या समितीतल्या निम्म्या लोकांना ते माहीत नव्हतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आणि त्याखालचे २००९ चे नियम आपल्या सगळ्यांना लागू आहेत. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, म्हणजे आपल्यासारख्या ठिकाणी सोसायटीची. बिल्डर निघून गेला की ती आपल्या गळ्यात येते. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा उत्तम स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला सादर करायचं असतं. त्यालाच सगळे फॉर्म बी म्हणतात. यंत्रणा पहिल्यांदा बसवली जाते तेव्हाचा तो फॉर्म ए. एजन्सीला परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय देतं. आणि प्रत्यक्षात देखभाल झालेली नसताना असं प्रमाणपत्र द्यायला कायद्यातच मनाई आहे.

आमच्या कपाटात फॉर्म बीची फाइल व्यवस्थित लावलेली होती. दर सहा महिन्यांचा कागद, सही-शिक्का, पोच, सगळं जागच्या जागी. आधीच्या एजन्सीचं नाव मी इथे लिहीत नाही. फाइल चाळताना एवढं मात्र डोळ्यांत भरलं की दर वेळी पंपरूममधला पाण्याचा दाब ६ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) लिहिलेला. उन्हाळा असो, पावसाळा असो, ६ म्हणजे ६. मी बँकेत नोकरी केली आहे. तीच तीच संख्या सारखी दिसली की मला चैन पडत नाही.

म्हणून तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवली. दोघांनी फोनवरच मजले आणि फ्लॅट विचारून आकडा सांगितला. या एजन्सीने आकडा सांगायचं नाकारलं. त्यांनी आधी इमारतीची मूळ फायर एनओसी (अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला), मंजूर नकाशा आणि बिल्डरच्या वेळचा फॉर्म ए मागितला. कारण विचारलं तर म्हणाले, तुमच्या इमारतीत काय काय असायला हवं हे एनओसीत लिहिलेलं असतं, नुसतं समोर दिसतंय तेवढं तपासून काय उपयोग? एनओसी शोधायला आम्हाला बराच खटाटोप करावा लागला, पण त्यातूनच कळलं की मागच्या अंगणात एक यार्ड हायड्रंट, म्हणजे आवारात आगीसाठी पाणी घ्यायचा नळ, असायला हवा. तो होता. कचऱ्याच्या डब्यांसाठी बांधलेल्या ओट्याच्या मागे, झाकणापर्यंत मातीत गेलेला.

पाहणीला त्यांचा फोरमन आणि दोन मुलं आली. फोरमन पन्नाशीचा, मूळचा सातारकडचा, फार बोलत नाही. पंपरूममध्ये गेल्यावर त्याने त्या ६ किलो दाखवणाऱ्या गेजकडे बघितलं, खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडला आणि थांबला. पाइपातून थोडं काळं पाणी आलं, मग हवा, मग काहीच नाही. काटा ६ वरच.

"ताई, हा काटा मेलाय," तो म्हणाला. "लाइन रिकामी आहे तुमची."

चौदा मजल्यांचा रायझर, म्हणजे खालून वर जाणारा उभा पाइप, कोरडा, आणि त्याखाली वर्षानुवर्षं सह्या. माझ्या सासूबाई तेराव्या मजल्यावर आमच्याबरोबर राहतात, त्या व्हीलचेअरवर आहेत. आग लागली की लिफ्ट वापरायची नाही. त्यांना उचलून जिन्याने उतरवायला जो वेळ लागेल, तेवढा वेळ आग मागे रेटून धरणारी गोष्ट म्हणजे हा पाइप. त्या पंपरूममध्ये मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

लाइन रिकामी का झाली, हे शोधण्याचं त्यांचं काम मला सगळ्यात आवडलं, म्हणून सविस्तर सांगते. हायड्रंटच्या पाइपात पाणी कायम दाबाखाली भरलेलं असावं लागतं. थोडीफार गळती होऊन दाब उतरला की जॉकी पंप नावाचा लहान पंप आपोआप चालू होतो, दाब भरतो आणि बंद होतो. कोणी व्हॉल्व्ह उघडला आणि दाब धाडकन खाली आला तर मुख्य पंप सुरू होतो, आणि तो मात्र माणसाने हाताने बंद करेपर्यंत चालत राहतो. वीज गेली तर डिझेल इंजिनचा पंप. आमच्या पॅनेलवर तिन्हींचे स्विच ऑटोवरून काढून ठेवलेले होते. फोरमनने आमच्या जुन्या पंप ऑपरेटर मामांना बाजूला बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, हे कधी बंद केलं आणि का? मामांनी सांगितलं की काही वर्षांपूर्वी जॉकी पंप दर पाच-दहा मिनिटांनी सुरू व्हायला लागला. रात्री आवाज यायचा, पहिल्या मजल्यावरून तक्रारी आल्या, वीजबिल वाढलं, म्हणून कोणीतरी बंद करायला सांगितलं. मग गच्चीच्या टाकीतलं पाणी रायझरमधून उतरून जायला लागलं, तेव्हा तिथला व्हॉल्व्हही बंद केला. कोणी सांगितलं ते त्यांना आठवत नव्हतं, आणि फोरमनने त्यांना त्यावरून एका शब्दानेही टोचलं नाही.

जॉकी सारखा चालतो म्हणजे गळती आहे. त्यांनी यार्डची लाइन व्हॉल्व्हने वेगळी केली, आधी फक्त रायझर भरून दाब धरतो का ते बघितलं, तो धरला. मग यार्डची लाइन भरली, तर दाब डोळ्यांदेखत उतरला. दोष जमिनीखाली होता. पेव्हर ब्लॉक उचलून खणलं तेव्हा जमिनीखालचा लोखंडी पाइप एका बेंडजवळ सडून चाळण झालेला निघाला, वरचं गंजरोधक आवरण तिथे कधी नीट गुंडाळलेलंच नव्हतं. एक सडका बेंड, त्यामुळे पंप बंद, त्यामुळे टाकी बंद, आणि हे सगळं झाकायला एक मेलेला काटा.

मजल्यांवरची पाहणी त्यांनी वरून खाली केली. प्रत्येक लँडिंग व्हॉल्व्हचं, म्हणजे मजल्यावर रायझरमधून पाणी घ्यायच्या तोटीचं, चाक पूर्ण उघडून बंद केलं. तीन जाम होते, एकाचं चाकच नव्हतं. होज, म्हणजे आग विझवायची जाड नळी, जिथे अडकवतात त्या ६३ मिलिमीटरच्या कपलिंगच्या आतला रबरी वॉशर बोटाने दाबून बघायचा, ही गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली. आमचे निम्मे वॉशर दाबताच तुटले. वॉशर गेला की होज लागतो, पण जोडापाशी कारंजं उडतं आणि नोझलला जोर राहत नाही. किंमत किरकोळ. होज बॉक्समध्ये १५ मीटरचे होज होते, पण वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिल्याने घडीवरच चिरलेले. चांगले निघाले ते त्यांनी दाबावर तपासले, जिन्याच्या मोकळ्या भागात उभे टांगून सावलीत वाळवले आणि घडी बदलून पुन्हा ठेवले. गनमेटलची बरीचशी नोझलं चोरीला गेलेली होती. भंगारात चांगला भाव येतो, त्यामुळे हे सगळीकडे होतं. शेजारच्या सोसायट्यांनीही आजच आपले बॉक्स उघडून बघावेत. दोन बॉक्समध्ये चपला, एकात कोणाचं तरी कुरिअर.

गेटबाहेरचा फायर ब्रिगेड इनलेट हा वेगळाच विषय. अग्निशमन दलाची गाडी येते तेव्हा ते आपला होज इथे जोडून इमारतीच्या पाइपात बाहेरून पाणी चढवतात. आपला पंप बंद पडला तरी ही वाट उघडी असते. आमच्या इनलेटची झाकणं नव्हती, आत दगड आणि गुटख्याच्या पुड्या, आणि समोर रांगेने स्कूटर. आतला, पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही उघडाच अडकलेला होता, म्हणजे आपण पंपाने चढवलेलं पाणी रस्त्यावर आलं असतं. तो बदलला, झाकणं साखळीने बांधली, भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं. स्कूटरचं भांडण अजून चालू आहे, ते एजन्सीचं काम नाही.

पाहणीचा अहवाल फोटोंसकट आला, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर देऊन. आणि तिथेच पेच पडला. जुलै उजाडला होता, फॉर्म बी सादर करायचा होता. समितीतले काही जण म्हणाले, आधी सर्टिफिकेट द्या, दुरुस्ती दिवाळीनंतर करू, आत्ता फंडात पैसे नाहीत. एजन्सीचे मालक स्वतः मीटिंगला आले. तरुण आहेत. त्यांनी सरळ सांगितलं, पाइप कोरडा असताना मी सही करणार नाही; कंत्राट रद्द करायचं असेल तर करा, पाहणीचे पैसेही देऊ नका. इथे मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटला. गिऱ्हाईक हातचं जात असताना असं बोलायला धमक लागते.

विशेष सभा बोलावली. मी परळच्या क्रिस्टल टॉवरची आठवण काढली. २२ ऑगस्ट २०१८ ला तिथे आग लागली आणि चार जण गेले. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती, हे तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. दादर-परळला नोकरीला जाणारे आमच्याकडे बरेच आहेत, त्यांनी तो धूर पाहिलेला. त्यानंतर फार वाद झाला नाही. दुरुस्तीचा खर्च १ लाख ८६ हजार, दर फ्लॅटमागे ३,३०० च्या आसपास. त्यात सगळ्यात मोठा वाटा जमिनीखालच्या पाइपाचा, मग होज आणि नोझलं, मग डिझेल इंजिनची बॅटरी, नवे गेज, प्रेशर स्विच. वार्षिक कंत्राट ४२ हजार अधिक जीएसटी. आधी आम्ही १८ हजार देत होतो. फरक मोठा आहे, पण १८ हजारांत आम्हाला कागद मिळत होता.

दुरुस्ती जुलै संपण्याआधी झाली. मग त्यांनी जे केलं त्यासाठी हे सगळं लिहिते आहे. चौदाव्या मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हला गेज लावला, होज आणि नोझल जोडलं, आणि समितीला वर बोलावून पाणी सोडलं. सर्वांत वरच्या आणि लांबच्या ठिकाणी पाणी वाहत असताना निदान ३.५ किलो दाब मिळायला हवा. आला १.८. मला वाटलं, झालं, सगळे पैसे पाण्यात. फोरमन काही न बोलता खाली गेला. पंपाच्या सक्शनचा स्ट्रेनर (पाणी ओढणाऱ्या बाजूची गाळणी) उघडला तर टाकीतल्या गाळाने भरलेला, आणि डिलिव्हरीचा (पाणी बाहेर सोडणाऱ्या बाजूचा) बटरफ्लाय व्हॉल्व्ह अर्धाच उघडा. गाळ काढला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून साखळी-कुलूप लावलं. पुन्हा पाणी सोडलं, ३.८. नुसते पंप चालू-बंद करून ते गेले असते तर हे कधीच कळलं नसतं. पंपाचा आवाज तर तेव्हाही छान येत होता.

पाणी वाया जातं म्हणून दोन-तीन जण खालून ओरडत होते. २० मिलिमीटरच्या नोझलने या दाबाला मिनिटाला जवळपास ५०० लिटर पाणी जातं, आणि आमच्याकडे पाणीकपात असते, त्यामुळे ओरडणं मी समजू शकते. पहिलं पाणी काळं आणि घाण वासाचं होतं, ते गटारात सोडलं, नंतरचं बागेत. पुढच्या वेळेपासून त्यांनी ही चाचणी टाकी सफाईच्या आदल्या दिवशी ठेवली, म्हणजे नाहीतरी उपसायचं पाणीच वापरलं जातं. हे आमच्या खजिनदार काकांनी सुचवलं आणि त्यांनी लगेच मान्य केलं. टाकीवरून आठवलं: उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की आगीसाठी राखलेलं पाणी वापराच्या टाकीत ओढायची सवय आमच्याकडे लागली होती. त्यासाठी बसवलेली जोडणी त्यांनी आम्हाला काढायला लावली. यावर मतभेद झाले, अजूनही एका बाईंचा माझ्यावर राग आहे, पण मी मागे हटणार नाही.

प्रशिक्षण कंत्राटात होतं, आणि ते त्यांनी खरोखर दिलं. वॉचमन आणि पंप ऑपरेटर यांना मोठा होज दोघांनी कसा धरायचा, आधी नोझल धरून मग व्हॉल्व्ह हळूहळू का उघडायचा, हे हातात देऊन शिकवलं. रहिवाशांना मात्र त्यांनी होज रीलवरच भर द्यायला सांगितला. प्रत्येक मजल्यावरचा तो लाल ड्रम, ३० मीटरची बारीक नळी; एकट्या माणसाला ओढता येते, बॉलव्हॉल्व्ह उघडला की पाणी. १०१ ला फोन, मजल्याची वीज बंद, माणसं जिन्याकडे, आणि आग अजून लहान असेल तरच रील. सहाव्या मजल्यावरच्या आजींनी ती ओढून गॅलरीपर्यंत नेली आणि कुंड्यांना पाणी घातलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं प्रशिक्षण एप्रिलमधल्या अग्निशमन सेवा सप्ताहात ठेवलंय. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. मुलांना ते सांगायचं मी ठरवलंय.

आता अर्धा गुण कुठे गेला. एक, अहवाल पूर्ण इंग्रजीत. समितीला चालतो, पण पंपरूममध्ये काम करणाऱ्या मामांना त्याचा काय उपयोग? मागे लागून मराठीत एक पानाचा तक्ता करून घेतला: रोज गेज बघा, किती असायला हवा, स्विच ऑटोवर आहेत का, आठवड्याला डिझेल इंजिन चालवून बघा, डिझेल किती आहे. तो आता पंपरूमच्या भिंतीवर आहे. हे त्यांनी न सांगता द्यायला हवं होतं. दोन, डिसेंबरमधली भेट आठवडाभर लांबली आणि कळवलं नाही, मलाच फोन करावा लागला. तीन, होजचा दर मला बाजारापेक्षा चढा वाटला; दाखवून दिल्यावर कमी केला, पण आधीच नीट लावायला काय हरकत होती. जिन्याच्या भिंतीवर ड्रिलिंगचे डाग राहिलेत, ते रंगवून देतो म्हणालेत.

जानेवारीची तपासणी सरळ गेली. जॉकी पंप दिवसातून क्वचितच सुरू होतो, नव्या गेजचा काटा ड्रेन उघडला की खाली येतो, आणि चौदाव्यावर ३.७ मिळाला. फॉर्म बी अग्निशमन विभागात सादर केला, पोच घेतली, एक प्रत नोटीस बोर्डावर लावली.

समोरच्या दोन सोसायट्यांनी आमच्या कंत्राटाची प्रत मागितली, ती मी दिली आहे. कोणालाही याच एजन्सीला बोलवायचं असेल तर करारात दोन ओळी आधीच घालून घ्या: सर्वांत वरच्या मजल्यावर समितीसमोर पाणी सोडून दाबाची नोंद केल्याशिवाय सर्टिफिकेटचे पैसे देय नाहीत, आणि रोजच्या तपासणीचा तक्ता मराठीत मिळेल. पहिल्या ओळीला त्यांची काहीच हरकत नसते. दुसरीसाठी थोडं मागे लागावं लागेल.